डबा पाहावा लपवून

माझ्या नावावर या पृथ्वीतलावर दोन स्थावर मालमत्ता आहेत. पहिली सांगलीत, वडिलोपार्जित घराचा एक हिस्सा. तिची घरपट्टी धाकटा भाऊ भरतो आणि दर दिवाळीला फोनवर मला त्याची आठवण करून देतो. दुसरी अमेरिकेत, ओरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला एका सार्वजनिक रानात, कुजत आलेल्या ओंडक्याच्या पोटात. तिचं क्षेत्रफळ एका डब्याएवढं. पहिलीने मला आजवर जेवढा ताप दिला नाही तेवढा दुसरीने दिला. आणि ती विकताही येत नाही.

ज्यांना हा उद्योग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुणीतरी एक डबा कुठेतरी लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. बाकीचे लोक फोन किंवा जीपीएस घेऊन तो शोधत हिंडतात. सापडला की आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, हवी तर आतली एखादी चिल्लर वस्तू घेऊन आपली एक ठेवायची, डबा होता तसाच परत लपवायचा आणि घरी यायचं. याला जिओकॅशिंग म्हणतात. जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे दडलेले आहेत. आई आमच्याकडे आली होती तेव्हा तिला हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मग मिळतं काय?"

"डबा."

"पण तो तर परत ठेवायचा म्हणालास ना?"

"हो."

ती पुन्हा मटार सोलायला लागली.

या खेळात ओरेगनचा मान मोठा. पूर्वी अमेरिकन सरकार लष्करी कारणासाठी जीपीएसच्या नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळायचं, त्यामुळे सामान्य माणसाला आपली जागा शंभर मीटरच्या घोळात कळायची. अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने १ मे २००० च्या मध्यरात्री ही भेसळ बंद झाली आणि जगभरचे जीपीएस एका रात्रीत शहाणे झाले. ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली आणि तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला. माइक टीग याने ती सर्वांत आधी शोधली. महिना संपण्याआधी मॅट स्टम याने या प्रकाराचं बारसं केलं, आणि सप्टेंबरात जेरेमी आयरिश याने पाऊणशे डब्यांची यादी घेऊन संकेतस्थळ सुरू केलं. ती बादली होती तिथे आता एक स्मरणफलक आहे. आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर.

मला या इतिहासातली सर्वांत आवडती गोष्ट वेगळीच आहे. उल्मरच्या बादलीत पुस्तकं होती, सॉफ्टवेअर होतं, थोडे पैसे होते, एक गलोल होती आणि घेवड्याचा एक सीलबंद डबा होता. बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आता आजचे नियम पाहा: डबा परवानगीशिवाय जमिनीत पुरायचा नाही, आत खाण्याचा पदार्थ ठेवायचा नाही, शस्त्राच्या जवळपास जाईल असं काही ठेवायचं नाही. म्हणजे या संप्रदायाचा मूळपुरुष आज परीक्षेला बसला असता तर नापास होता. घेवड्याचा तो डबा पुढे गंजलेल्या अवस्थेत सापडला आणि आता मेळाव्यांमध्ये कौतुकाने मिरवतो. माझ्या बाबतीत नियम मोडल्यावर मिरवणूक निघाली नाही, हे पुढे येईलच.

मी यात पडलो ते मुलीमुळे. ती हा खेळ मैत्रिणीकडून शिकून आली आणि म्हणाली, "बाबा, डॉक्टरांनी तुला चालायला सांगितलंय ना? मग हे कर. हे चालणंच आहे, फक्त पॉइंटलेस नाही." डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलवर गोळ्याही दिल्या होत्या. त्या गोळ्यांची बाटली लक्षात ठेवा.

फोनवरचा बाण तुम्हाला डब्यापर्यंत नेतो हा गैरसमज आहे. तो तुम्हाला डब्याच्या आसपास नेतो. डग्लस फरच्या गर्द रानात उपग्रहाचे संदेश फांद्यांत अडखळत, खोडांवर आपटत फोनपर्यंत येतात, त्यामुळे बाण दहा पावलं इकडे, दहा पावलं तिकडे डुलत राहतो. तिथून पुढचं काम डोळ्यांनी आणि डोक्याने करायचं असतं, आणि तिथेच माझं घोडं अडायचं. मदतीला एक खूण दिलेली असते, पण तीही सरळ नाही. प्रत्येक अक्षर वर्णमालेत तेरा घरं सरकवून लिहिलेलं. पहिल्यांदा मी ओल्या दगडावर बसून, वहीत दोन ओळींत इंग्रजी वर्णमाला मांडून ती खूण उलगडली. (एक बटण दाबलं की फोन स्वतःच उलगडून देतो, हे मुलीने मी शेवटच्या अक्षरावर असताना सांगितलं.) उत्तर निघालं: झाडाच्या बुंध्याशी. मी मान वर करून पाहिलं. चहूकडे झाडंच होती, आणि एकूण एक झाडाला बुंधा होता.

त्यात तिथली ब्लॅकबेरीची काटेरी जाळी. तिचं नाव हिमालयन ब्लॅकबेरी आणि हिमालयाशी तिचा काडीचा संबंध नाही. मूळची आर्मेनियाकडची. ल्यूथर बरबँक या नामवंत अमेरिकन उद्यानतज्ज्ञाने १८८५ च्या सुमाराला तिचं बी लावलं, ती तिकडचीच समजून हिमालयाचं नाव दिलं, आणि आता ती सगळं पश्चिम ओरेगन खाऊन बसली आहे. माझ्या दंडातले काटे चिमट्याने काढताना बायको म्हणाली, "गाववाला समजून बिलगली असेल."

या खेळाची सभ्यता मोठी नाजूक आहे. खेळात नसलेल्या माणसाला, हॅरी पॉटरच्या पुस्तकांतून उचलून, मगल म्हणतात. मगलच्या देखत डबा शोधायचा नाही, काढायचा नाही. कारण कुतूहल म्हणून तो उघडेल आणि कचरा म्हणून फेकून देईल. तेव्हा कुणी जवळपास असेल तर साधेपणाचा आव आणून थांबायचं असतं. कुणी बुटाची नाडी बांधतं, कुणी पक्षी बघतं. मला नाडी बांधायला वाकणं जमत नाही आणि पक्ष्यांत कावळा सोडून काही ओळखू येत नाही, म्हणून मी माझी स्वतंत्र युक्ती काढली. फोन कानाला लावायचा आणि मोठ्याने मराठीत बोलायचं. "हो, हो, पोचलो. नाही हो, जेवण झालं. वहिनी काय म्हणतात?" अमेरिकन माणूस हे ऐकून आदबीने बाजूने निघून जातो.

युक्ती उत्तम होती. पण आमच्या उपनगरात चिप बनवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्यामागोमाग आलेला अर्धा महाराष्ट्र संध्याकाळी चालायला बाहेर पडतो, हे मी विसरलो. बाकाच्या खाली हात घालून मी "वहिनी काय म्हणतात" म्हणत असताना मागून आवाज आला, "वा! कुठले तुम्ही?" मुलाकडे आलेले सोलापूरचे एक काका होते. पायांत नवे पांढरे बूट, डोक्याला माकडटोपी. मी सांगली म्हटल्यावर ते त्याच बाकावर बसले. बाकाच्या खाली, त्यांच्या बैठकीपासून वीतभर अंतरावर, तो डबा चिकटवलेला होता. काकांनी सांगलीतला त्यांचा साडू सांगितला, साडूचा व्यवसाय सांगितला, ग्रीन कार्डाची रांग सांगितली, अमेरिकेतल्या दुधाला साय का येत नाही ते सांगितलं. अंधार पडला. मी डब्याला हात न लावता घरी आलो.

अशा वेळी जाहीरपणे लिहायचं असतं की, सापडला नाही. ही नोंद केली की तुमच्या नावापुढे एक निळा रडका चेहरा उमटतो. सापडला तर पिवळा हसरा. हा रडका चेहरा म्हणजे खरं तर डब्याच्या मालकाला केलेली मोठी मदत असते. ओळीने दोन-चार जणांना डबा मिळाला नाही की मालक समजतो, काहीतरी गडबड आहे, आणि जाऊन बघतो. लोकांनी लाजेखातर नोंदच केली नाही तर डबा हरवलाय हे त्याला कळणार कसं? हे मला पटतं. पण आम्ही लहानपणापासून नापास झाल्याचं चारचौघांत न सांगण्याच्या संस्कारात वाढलेले. मी बरेच रडके चेहरे गिळले.

गिळता गिळता एके दिवशी मी त्याहून वाईट केलं. एक डबा काही केल्या मिळेना. मी बुंधा पाहिला, मुळं पाहिली, दगड उलटे केले, पुन्हा सुलटे केले. शेवटी निष्कर्ष काढला की ज्याअर्थी मला सापडत नाही त्याअर्थी तो तिथे नाही. तर्कशास्त्रात या विधानाला काय म्हणतात ते ठाऊक नाही, घरात बायको याला "तुझं नेहमीचं" म्हणते. मग परोपकाराची लहर आली. खिशात रिकामी बाटली होती, त्यात कागदाची गुंडाळी घातली, त्यावर सही केली, बाटली मुळांत खोचली आणि लिहून टाकलं: "मूळ डबा नाहीसा झालेला दिसतो, मी नवा ठेवला आहे. आभार मानण्याची गरज नाही."

या कृत्याला खेळात जागच्या जागी डबा टाकून देणे अशा अर्थाचं एक नाव आहे, आणि सभ्य मंडळी ते उच्चारताना नाक मुरडतात. नेवाडातल्या एक्स्ट्राटेरेस्ट्रियल हायवेवर हजाराहून अधिक डब्या ओळीने ठेवलेल्या आहेत, तसल्या मार्गांवर लोक पिशवीभर फिल्मच्या डब्या सोबत नेतात आणि जिथे नसेल तिथे एक टाकतात. पण त्याला खेळ म्हणायचं की पेरणी, याविषयी माझं मत चांगलं नाही. एरवी मात्र मालकाला न विचारता दुसरा डबा ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात शिरून, मालक दिसत नाही म्हणून आपलीच पाटी लावणं.

दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला. ते एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी लिहिलं होतं: "मूळ डबा सुखरूप आहे. जमिनीपासून दोन मीटरवर आहे. सवडीने येऊन आपली बाटली घेऊन जावी. कोलेस्टेरॉलची काळजी घ्या."

इथल्या औषधाच्या नारिंगी बाटलीवर रुग्णाचं पूर्ण नाव, डॉक्टरचं नाव, औषधाचं नाव आणि मात्रा छापलेली असते. ती चिठ्ठी मी सोलली नव्हती. बाटली आणायला मी लगेच गेलो, पण ती तिथे नव्हती. म्हणजे माझी मात्रा किती आहे हे ओरेगनात आणखी कुणालातरी कळलं होतं.

शोधणाऱ्यांच्या सभ्यतेत माझी आणखी एक चूक जमा आहे, पण ती मी आईच्या नावावर टाकतो. काही डब्यांत क्रमांक कोरलेला एक धातूचा बिल्ला असतो. तो प्रवासी. त्याचा मालक त्याला एखादं ध्येय देतो आणि ज्याला तो मिळेल त्याने तो पुढच्या डब्यात नेऊन सोडायचा. स्वतःकडे ठेवून घ्यायचा नाही. मला मिळालेल्या बिल्ल्याला अलास्काला जायचं होतं. मी तो किल्ल्यांच्या वाटीत ठेवला. आई परत गेली तेव्हा मला वाटलं हरवला. महिन्याभराने व्हिडिओ कॉलवर आई गोदरेजचं कपाट उघडत होती आणि किल्ल्यांच्या जुडग्यात तो बिल्ला चमकत होता.

"आई, तो बिल्ला कुठून आणलास?"

"अरे, तुमच्याकडेच पडला होता वाटीत. छान जड आहे. किल्ल्या हरवत नाहीत आता."

"तो अलास्काला जायचाय गं!"

"कोण जातंय अलास्काला? थंडी केवढी असते तिकडे."

बिल्ल्याच्या मालकिणीला, मिशिगनमधल्या एका शिक्षिकेला, मी सगळं कळवलं. तिने नकाशावरची ओरेगन ते सांगली ही लांबलचक रेघ वर्गातल्या मुलांना दाखवली आणि मुलांनी विचारलं की आजींच्या कपाटात काय आहे. आईला हा प्रश्न अजिबात आवडला नाही. बिल्ला अजून तिथेच आहे.

एवढा अनुभव गाठीशी आल्यावर कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मी स्वतःचा डबा लपवायचं ठरवलं.

डबा लपवणं आणि लग्न जुळवणं यात तपासणी सारखीच कडक. रिव्ह्यूअर नावाचा एक स्वयंसेवक तुमचा अर्ज बघतो. जागेच्या मालकाची परवानगी आहे का? त्यासाठी मी उद्यान खात्याला पत्र लिहिलं, अटी मान्य केल्या. दुसऱ्या डब्यापासून किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर आहे का? माझी पहिली जागा इथे बाद झाली; जवळच कुणाच्यातरी कोड्याचा गुप्त टप्पा होता, तो कुठे ते रिव्ह्यूअर सांगेना, त्यामुळे मी अंधारात बोटं दाखवल्यासारख्या जागा सुचवत राहिलो. जमिनीत खड्डा करणार का? मी खुरपं घेऊन जाऊन आलो होतो, ते परत नेऊन ठेवलं. आणि शेवटचा, सर्वांत निरुपद्रवी वाटणारा प्रश्न: देखभालीची व्यवस्था काय? पर्यटनाला गेलेल्या ठिकाणी डबा ठेवून यायला सहसा मनाई असते ती याचसाठी. मी छाती फुगवून लिहिलं, "मी जवळच राहतो, वरचेवर जाऊन बघीन." घरातला गळका नळ ज्याने दोन ऋतू बघितला नव्हता त्याने हे लिहिलं.

अनुभवी लोक यासाठी सैन्यातले बंदुकीच्या गोळ्यांचे जुने लोखंडी डबे वापरतात. रबरी कडेमुळे त्यात पाण्याचा थेंब शिरत नाही. मी पैसे वाचवले. आईने सांगलीहून गोडा मसाला ज्यातून आणला होता तो चारी बाजूंनी खटके असलेला भक्कम डबा रिकामा झाला होता. अन्न ठेवायचं नाही हा नियम मला ठाऊक होता. ज्यात कधी अन्न होतं असा डबाही वापरू नये, कारण प्राण्यांची नाकं आपल्यापेक्षा तल्लख असतात, हा सल्ला मी अतिसावध लोकांची खुळं म्हणून सोडून दिला. डबा साबणाने धुतला, सोड्याने धुतला, उन्हात वाळवला. रानात मिसळून जावा म्हणून वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली. आत वही, पेन्सिल, रबरी बदक, प्लास्टिकचा डायनासोर, दोन गोट्या आणि गणपतीचा स्टिकर. उद्घाटनाला, पुन्हा आमच्याकडे आलेली आई सोबत होती. मी ओंडक्याच्या पोकळीत डबा सरकवला तेव्हा तिने बाजूला होऊन हात जोडले, हे मी पाहिलं. त्याआधी गाडीत तिने डबा उघडला होता, हे मी पाहिलं नाही.

पहिला आठवडा स्वर्गसुखाचा. दर दोन दिवसांनी कुणीतरी यायचं आणि आभाराची ओळ लिहून जायचं. एकाने लिहिलं, "जागा सुंदर. वास अप्रतिम." दुसऱ्याने लिहिलं, "डब्यातून हा कसला वास येतो? भूक लागली." मी याला दाद समजलो.

तिसरी दाद रकूनने दिली. मांजराहून थोराड, डोळ्यांवर काळी पट्टी आणि बोटं माणसासारखी चालवणारा हा प्राणी ओरेगनात जागोजागी आहे. त्याने डबा ओंडक्यातून काढून ओढ्यापर्यंत नेला होता. खटके उघडले नाहीत, पण कोपरे चावून त्याने प्रयत्नांची नोंद करून ठेवली. डबा शोधायला आलेल्या माणसाने तो उचलून जागेवर ठेवला आणि मालकाने लक्ष द्यावं अशी सूचना पाठवली. ही सूचना डब्याच्या पानावर सगळ्यांना दिसते.

मग पाऊस सुरू झाला. आकडे पाहिले तर पोर्टलंडला वर्षाकाठी साधारण नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत त्याच्या दुपटीहून अधिक. पण मुंबईचा पाऊस चार महिन्यांत काम उरकून मोकळा होतो. इथला ऑक्टोबरात बसतो तो जूनपर्यंत उठत नाही, आणि पडतो असंही म्हणता येत नाही. हवेत नुसता ओला राहतो. रकूनने चावलेल्या कोपऱ्यातून हा ओलावा आत शिरला. सूचना: वही ओली आहे. गेलो, वही बदलली, प्लास्टिकची पिशवी घातली. पिशवीला गोट्यांनी भोक पडलं. सूचना: वही ओली आहे. बुटांच्या खोक्यातून मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या. त्यांनी आपल्या कुवतीप्रमाणे शोषलं आणि स्वतःच ओल्या झाल्या. सूचना: वही लगदा झाली आहे. मग पावसात न भिजणारा खास कागद आणला, चांगला महाग. पुढची सूचना आली, "वही अर्धी आहे." इथल्या रानातल्या गोगलगायी कागद खातात. खास कागद त्यांना खास आवडला असावा.

दरम्यान घरातला नळ गळतच होता. "रानातल्या डब्याला नवं वॉशर बसवून आलास," बायको म्हणाली, "आता इकडेही एक सूचना पाठवू का? वेबसाइट सांग."

मालकाने सूचनांकडे दुर्लक्ष केलं तर रिव्ह्यूअर डबा तात्पुरता बंद करतो, मुदत देतो, आणि मुदत टळली की नोंद कायमची मिटवतो. त्या मुदतीच्या आत एका संध्याकाळी, ऑफिसातून परस्पर, मी रानात गेलो. गुडघ्यावर बसलो, डबा बाहेर काढला आणि फाटलेली काळी टेप नव्याने गुंडाळायला लागलो. काळोख पडत होता. पाठीमागून टॉर्चचा झोत आला आणि हात दिसतील असे ठेवायला सांगणारा एक शांत आवाज.

सन २०११ मध्ये इंग्लंडात, यॉर्कशरमधल्या वेदरबी गावात असाच एक लहान प्लास्टिकचा डबा लपवताना कुणीतरी पाहिलं. रस्ता रिकामा करण्यात आला आणि लष्कराच्या बाँबशोधक पथकाने तो डबा उडवून दिला. डब्यावर बाहेरून स्पष्ट नाव लिहा, संशय येईल असं त्याचं रूप ठेवू नका, हा सल्ला त्यानंतर फार गांभीर्याने दिला जातो. हे सगळं मी वाचलं होतं. माझा डबा काळ्या टेपने संपूर्ण गुंडाळलेला होता आणि त्याच्यावर एक अक्षर नव्हतं.

"तुम्ही काहीतरी लपवताय का?" पोलिसाने विचारलं.

"नाही, आधीच लपवलंय."

"मग शोधताय?"

"नाही. माझंच आहे. दुरुस्त करतोय."

त्याने हे मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं असावं. मग मला लांबून, सावकाश डबा उघडायला सांगितलं. मी बदक काढलं. डायनासोर काढला. पोलिसाचा चेहरा सैल पडत चालला होता. तेवढ्यात वहीच्या तळाशी काहीतरी हाताला लागलं: दोन इवल्या प्लास्टिकच्या पुड्या, तोंडाला घट्ट गाठ मारलेल्या. एकीत पिवळी पूड, एकीत लाल. सोबत एक सुपारी.

"हे काय आहे?"

"हळद."

"आणि लाल?"

"तीही हळदच." हे अक्षरशः खरं आहे. कुंकू हळदीला चुना वगैरे लावूनच करतात. पण सत्य सांगायचीही एक वेळ असते. "म्हणजे, रासायनिक प्रक्रियेनंतरची," मी पुढे म्हटलं, आणि म्हणताक्षणी मला ते शब्द परत गिळावेसे वाटले.

त्याने पिवळ्या पुडीची गाठ सोडवली, हुंगली. मग डबा हुंगला. ओलाव्याने गोडा मसाला पुन्हा जागा झाला होता. "हा मेंढीच्या रश्शासारखा वास कसला?" त्याने विचारलं. सांगलीच्या आमच्या शाकाहारी घराण्याच्या वतीने मी ते सहन केलं आणि आईविषयी, ओंडक्याविषयी, नव्या वास्तूत हळदकुंकू वाहण्याविषयी सांगायला लागलो. तो ऐकत राहिला. शेवटी फोनवर डब्याचं पान दाखवलं तेव्हा त्याचा विश्वास बसला. त्या पानावरच्या सूचना त्याने एकेक करून वाचल्या. वही ओली. वही लगदा. वही अर्धी. "साहेब," तो जाता जाता म्हणाला, "बाहेरून नाव लिहा. आणि हे कुणी तुमच्याकडून जबरदस्तीने करून घेत नाहीये ना?"

मी त्या रात्री ठरवलं की बास. पण सोडून द्यायची म्हणून एक रीत असते. डबा रानात टाकून, नोंद मिटवून मोकळं व्हायचं नाही. बेवारस डबा म्हणजे नुसता कचरा. स्वतः जाऊन तो उचलून आणायचा, किंवा कुणी दत्तक घेणार असेल तर रीतसर त्याच्या नावावर करायचा. मी दत्तकासाठी जाहीर केलं. कुणी फिरकलं नाही. त्याऐवजी त्या निवृत्त गृहस्थांचा निरोप आला. ते मुलीजवळ राहायला ॲरिझोनाला निघाले होते आणि त्यांचा दोन मीटर उंचीवरचा डबा त्यांना चांगल्या हातांत द्यायचा होता. "तुमच्या पानावरच्या सूचना मी वाचत असतो," त्यांनी लिहिलं होतं, "इतक्या वेळा परत जाणारा माणूस मला दुसरा ठाऊक नाही."

आम्ही त्या झाडाशी भेटलो. त्यांनी काठीच्या टोकाने तुटक्या फांदीचा एक खुंट दाखवला. खुंट पोकळ होता, आत सैन्यातला छोटा लोखंडी डबा, आत कोरडीठणठणीत वही. आधीच्या भरलेल्या वह्या त्यांनी बुटाच्या खोक्यात जपून ठेवल्या होत्या. ते खोकं त्यांनी माझ्या हातात दिलं. वह्यांच्या शेजारी माझी नारिंगी बाटली होती. "आता किती आहे?" त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. "उत्तम," ते म्हणाले, "चालल्याचा परिणाम."

घरून शिडी घेऊन निघालो तेव्हा बायकोला वाटलं मी नळासाठी काहीतरी करतोय. माझा स्वतःचा डबा आता लोखंडी आहे, बाहेरून मोठ्या अक्षरांत नाव आहे, आतली सुपारी तेवढी मी राहू दिली. दत्तक डब्याची पहिली नोंद पंधरवड्यात आली. कुणी नवशिका होता. त्याने लिहिलं होतं, "पुष्कळ शोधलं, डबा नाहीसा झालेला दिसतो, मी माझा एक ठेवला आहे." मी शिडी गाडीवर बांधली आणि गेलो. डबा खुंटात सुखरूप होता. खाली मुळांत पेपरमिंटची पत्र्याची डबी खोचलेली, आणि एवढ्यातच गंजायला लागलेली. मी घरी येऊन त्याला लिहिलं की मूळ डबा सुखरूप आहे, सवडीने येऊन आपली डबी घेऊन जावी. आणखी काहीतरी आपुलकीचं लिहावं म्हणून डबी उलटसुलट करून पाहिली. पण तिच्यावर ना नाव होतं, ना औषध, त्यामुळे तब्येतीची चौकशी करायची राहून गेली.